‘वाटूर’ या शब्दात अक्षरे किती?

प्रश्न पोरकट वाटेल. ‘वाटूर’ या शब्दात अक्षरे किती, असे तिसरीतल्या मुलाला विचारले तर ते बोटे न मोजता सांगेल, तीन: वा, टू, र. हाच प्रश्न इंग्रजीच्या तासाला निघाला तर त्याच मुलाला पाच म्हणावे लागेल: व्ही, ए, टी, यू, आर. कोणी ‘यू’च्या जागी दोन ‘ओ’ घातले की सहा. आणि नुसत्या कानाला विचारले तर तो म्हणेल, तोंडाला हिसके दोनच बसतात: वा आणि टूर. गाव एक, नाव एक, उच्चार एक. आणि हिशेब मात्र दोन, तीन, पाच आणि सहा! दुकानदाराच्या वहीत असा घोटाळा निघाला असता तर आपण त्याला सोडले नसते. अक्षरांच्या वहीत तो रोज होतो आणि आपण तिकडे पाहतही नाही.

पाहावयाचे कारण मात्र आहे. आज कोणताही अर्ज घ्या, त्यात नावासाठी चौकोनांची रांग असते आणि ‘एका चौकोनात एक अक्षर’ अशी सूचना असते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, बँकेच्या पुस्तकावर दुसरे आणि ओळखपत्रावर तिसरे, असे झाले की शिष्यवृत्ती अडते, पीकविम्याचे पैसे अडतात, निवृत्तिवेतन अडते. माणूस तोच असतो. अक्षरे तेवढी जुळत नाहीत. म्हणून इंग्रजी अक्षर म्हणजे काय, मराठी अक्षर म्हणजे काय आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना काय गळून पडते, याचा थोडा विचार येथे करू.

आधी इंग्रजीकडे जाऊ. या भाषेची सारी इमारत सव्वीस विटांची आहे. या विटा सुट्या असतात. एकीला दुसरी चिकटत नाही, एकीच्या डोक्यावर दुसरी बसत नाही. त्यामुळे त्यांची अदलाबदल फार सोपी. ओ, पी, एस, टी ही चारच अक्षरे घ्या. चार वस्तू एका ओळीत मांडण्याच्या रीती चोवीस होतात. त्या चोवीसांपैकी सहा रीतींनी इंग्रजीत चांगले रुळलेले शब्द होतात: स्टॉप, पोस्ट, स्पॉट, टॉप, म्हणजे शेंडा, त्याचे अनेकवचन टॉप्स, पॉट म्हणजे भांडे, त्याचे अनेकवचन पॉट्स, आणि ऑप्ट म्हणजे निवडणे, त्याचे ‘तो निवडतो’ या अर्थाचे रूप ऑप्ट्स. यांतले स्टॉप आणि पोस्ट तर आपल्या घरचेच झाले आहेत. एस.टी.च्या स्टॉपवर उभे राहून पोस्टाची वाट विचारणाऱ्या आपल्या म्हातारीला ठाऊक नसते की हे दोन्ही शब्द त्याच चार अक्षरांचे आहेत.

अक्षरे पाच केली तर काय होते? पहिल्या जागी सव्वीसांपैकी कोणतेही, दुसऱ्या जागी कोणतेही, असे पाच वेळा धरले तर १,१८,८१,३७६ मांडण्या होतात. इंग्रजी शब्दखेळांसाठी जो मोठा कोश वापरला जातो त्यात पाच अक्षरी शब्द सुमारे तेरा हजार आहेत. म्हणजे साधारणतः नऊशे मांडण्यांमागे एक शब्द. उरलेल्या मांडण्या वाया का जातात? कारण अक्षरांनाही शेजारधर्म असतो. ‘क्यू’ हे अक्षर सहसा ‘यू’ला बरोबर घेतल्याखेरीज घराबाहेर पडत नाही. ‘व्ही’ला शब्दाच्या अगदी टोकाला बसणे आवडत नाही, तसा प्रसंग आलाच तर त्याच्यामागे ‘ई’ येऊन बसते. हॅव, गिव्ह, लव्ह हे तिन्ही शब्द तसेच लिहितात. चार अक्षरे, शेवटची दोन तीच, आणि त्या अखेरच्या ‘ई’चा स्वतःचा उच्चार शून्य.

शेजाराप्रमाणेच वापराचाही हिशेब आहे. इंग्रजी मजकुरात ‘ई’ सर्वांत अधिक वेळा येते आणि तिच्यामागोमाग ‘टी’. तारायंत्राची मोर्स लिपी एकोणिसाव्या शतकात ठरली तेव्हा हेच ध्यानात धरले गेले. म्हणून ‘ई’ला एकच टिंब मिळाले आणि ‘टी’ला एकच रेघ, क्वचित लागणाऱ्या ‘क्यू’च्या वाट्याला मात्र चार खुणा आल्या. पुढे १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या स्थापत्यकाराने वर्तमानपत्राच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून शब्दांचा एक खेळ रचला. तोच १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ या नावाने जगभर गेला. त्यातल्या शंभर सोंगट्यांपैकी बारा ‘ई’च्या आहेत आणि त्यांना गुण एकेकच; ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची सोंगटी एकेकच, पण गुण दहा. बाजारात जी वस्तू दुर्मिळ तिचा भाव चढा, हाच तो न्याय. ‘एस’ हे अक्षर भरपूर वापरातले, तरी त्याच्या सोंगट्या चारच ठेवल्या आहेत. कारण उघड आहे: कोणत्याही नामाच्या शेपटीला ‘एस’ लावले की अनेकवचन होते आणि खेळाडू फुकटचे गुण लाटतो. २०२१ साली जॉश वॉर्डल या गृहस्थाने ‘वर्डल’ हा खेळ लोकांसमोर ठेवला, त्यातही पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा असतो. त्याच्या उत्तरांची मूळ यादी सुमारे २,३०० शब्दांची होती. सामान्य माणसाच्या परिचयाचे शब्द तेवढे ठेवून बाकीचे त्यातून वगळले होते.

हा हिशेब केवळ खेळापुरता नाही. नवव्या शतकात अल-किंदी या अरब पंडिताने लिहून ठेवले की गुप्त लिपीतला मजकूर उलगडावयाचा असेल तर त्यातली कोणती खूण अधिक वेळा येते ते मोजावे. आपल्या मराठवाड्याशी ज्यांचा निकटचा संबंध त्या महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत जतन केले होते. त्या बाहेरच्यांना शतकानुशतके बंद राहिल्या आणि पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचे कुलूप उघडले, तेव्हा मराठी गद्याचे केवढे भांडार हाती आले हे आपण जाणतोच. अक्षरांकडे बारकाईने पाहणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे.

आता आपल्या मुलांचा खरा वैरी जो, त्या स्पेलिंगकडे वळू. पाच अक्षरी शब्दांचा एक कुटुंबकबिला पाहा. या सर्वांची शेवटची चार अक्षरे तीच: आय, जी, एच, टी. मागे ‘एन’ लावा, नाइट म्हणजे रात्र. ‘एल’ लावा, लाइट. ‘आर’ लावा, राइट. ‘एफ’ लावा, फाइट. ‘टी’ लावा, टाइट. ‘एस’ लावा, साइट म्हणजे दृष्टी. ‘एम’ लावा, माइट म्हणजे सामर्थ्य. मूल येथवर आनंदाने येते. मग ‘ई’ लावावयास सांगितले की ते ‘आइट’ म्हणते आणि मास्तर सांगतात, ‘एट’, म्हणजे आठ! मूल हिरमुसते. त्याला वाटते की ही भाषा लहरी आहे आणि पाठांतरावाचून गती नाही.

येथे मास्तरांनी दोन मिनिटे थांबून सांगितले पाहिजे की मधले ‘जी-एच’ हे भुताटकीचे अक्षर नाही. एके काळी इंग्रज लोक तेथे खरोखरच घशातून ‘ख’सारखा आवाज काढीत. इंग्रजीची बहीण जी जर्मन, ती आजही रात्रीला ‘नाख्ट’ आणि आठाला ‘आख्ट’ म्हणते. आणखी मागे जा. संस्कृतात रात्रीला ‘नक्तम्’ म्हणतात आणि आठाला ‘अष्ट’. दिवसा उपास करून रात्री एकदाच जेवण्याच्या व्रताला आपल्या घरोघरी ‘नक्त’ म्हणतात, तोच हा शब्द. नक्तातला ‘क्’ जर्मनीत ‘ख्’ झाला आणि इंग्लंडात बोलण्यातून पार विरघळला. परंतु लिहिण्यात त्याची समाधी राहिली. असे का झाले? विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना घातला. छापील अक्षरांनी स्पेलिंगला हळूहळू खुंटीला बांधले, आणि उच्चार मात्र मोकळे सुटलेल्या वासराप्रमाणे पुढे धावत राहिले. १७५५ साली डॉ. जॉन्सन यांचा कोश निघाला तोवर लिहिणे व बोलणे यांची बरीच फारकत होऊन गेली होती. म्हणून इंग्रजी स्पेलिंग हे आजच्या आवाजाचे चित्र असण्यापेक्षा पुष्कळदा जुन्या आवाजाचा शिलालेख असते. शिलालेख म्हणून वाचले तर त्यात रस येतो. आवाज म्हणून वाचले तर रडू येते. रांगेला इंग्रजीत ‘क्यू’ म्हणतात. त्या शब्दात पाच अक्षरे आहेत आणि उच्चार त्यांतल्या पहिल्या एकट्याचा. मागची चार अक्षरे जणू रांगेत उभीच आहेत!

मराठी अक्षराची जात निराळी. इंग्रजी अक्षर ही सुटी वीट, तर आमचे अक्षर हे लहानसे बांधलेले घरच. त्यात एक स्वर राहतो आणि त्याच्या दाराशी एक, दोन किंवा तीन व्यंजने उभी असतात. ‘स्त्री’ या शब्दात स्, त्, र् आणि ई असे चार वर्ण आहेत, पण अक्षर एकच. शब्दकोडे सोडविणाऱ्या प्रत्येकाला हे न शिकविता कळते. तो ‘स्त्री’ एकाच चौकोनात लिहितो. आणि आडवा व उभा शब्द जेथे एकमेकांना छेदतात तेथे नुसते व्यंजन जुळून भागत नाही, काना-मात्राही जुळावी लागते. म्हणूनच अक्षरांची अदलाबदल करण्याचा खेळ मराठीत इंग्रजीइतका फळत नाही. ‘कमल’चे ‘कलम’ होते, ‘गरम’चे ‘मगर’ होते, ‘नव’चे ‘वन’ आणि ‘जग’चे ‘गज’ होते. कारण या शब्दांत काना-मात्रा नाहीत. जेथे त्या आल्या तेथे प्रत्येक अक्षर आपला संसार बरोबर घेऊन हलते. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते असे आपण लहानपणी कौतुकाने सांगत असू. ते खरेच आहे, पण अक्षरांपुरते. तेच वाक्य ध्वनिमुद्रित करून फीत उलटी फिरविली तर ‘आराम’सारखा काहीतरी आवाज प्रथम येईल. आपण ‘रा’ हे घर उचलून नेतो. घरातला ‘र्’ आणि ‘आ’ यांची जागा बदलीत नाही.

या अक्षरगणनेवर आपली सारी कविता उभी आहे. अभंगाच्या एका प्रसिद्ध प्रकारात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. आपल्याच जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक रचले ते भुजंगप्रयात वृत्तात. त्याच्या प्रत्येक चरणात अक्षरे बारा. शार्दूलविक्रीडितात ती एकोणीस. या मोजणीत अर्धे व्यंजन वेगळे धरीत नाहीत. ते आपल्या मागच्या अक्षराला तेवढे जड करते. आणि आर्या वृत्तात तर अक्षरांची संख्या न पाहता त्यांचे वजन, म्हणजे मात्रा, मोजतात: बारा, अठरा, बारा, पंधरा. तात्पर्य, ‘किती अक्षरे?’ या प्रश्नाला एकच उत्तर असते ही समजूत आपल्या पूर्वजांची मुळीच नव्हती. काय मोजावयाचे ते ते आधी ठरवीत आणि मग मोजीत.

यंत्रांनी मात्र आपली मोजणी आपल्यावर लादली. छापखान्यात इंग्रजी खिळ्यांची पेटी आटोपशीर असे. देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. सावरकरांनी ‘अि, अु’ अशी ‘अ’ची बाराखडी पुढे आणली ती ही अडचण पाहूनच. संगणक आल्यावर खिळ्यांचा प्रश्न मिटला आणि मोजणीचा नवा प्रश्न निघाला. संगणक व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण या प्रत्येकाला वेगळा आकडा देतो. त्याच्या लेखी ‘स्त्री’ हे एक अक्षर नव्हे, त्या सहा खुणा आहेत. ‘जालना’ आपल्याला तीन, त्याला पाच. ‘मंठा’ आपल्याला दोन, त्याला चार. याचा खर्चही पडतो. भ्रमणध्वनीवरचा एक लघुसंदेश इंग्रजी लिपीत १६० खुणांचा असतो, तर देवनागरीत लिहिला की त्याची मर्यादा ७० खुणांवर येते. त्यातच काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. हवामानाचा किंवा बाजारभावाचा जो निरोप इंग्रजी लिपीत एका संदेशात मावतो, त्याला आपल्या लिपीत दोन किंवा तीन लागतात. हा कोणाचा कट नव्हे. मोजणी ठरविताना त्या लोकांसमोर रोमन लिपी होती, एवढेच.

आता मूळ गाऱ्हाण्याकडे येऊ. आपली नावे रोमन लिपीत जाताना काय गळते? वाटूर आणि परतूर ही शेजारची गावे. मराठीत एकाचा शेवट ‘टूर’ आणि दुसऱ्याचा ‘तूर’. टाळूचा ‘ट’ निराळा आणि दातांचा ‘त’ निराळा, हे शेतातली तूर सोलणाऱ्यालाही कळते. इंग्रजी लिपीत मात्र दोन्हींचा शेवट टी, यू, आर. परक्याने ‘वातूर’ आणि ‘परटूर’ असे वाचले तर त्याचा काय दोष? ‘ड’ आणि ‘द’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांची गतही तीच. आणि हे केवळ रोमन लिपीचेच वैगुण्य नाही. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला तोवर येथील सरकारी दप्तर उर्दूत असे. त्या लिपीत ‘ट’ आणि ‘त’ यांना वेगळी अक्षरे आहेत, परंतु ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. तेथे ‘परतूर’चा ‘प’मधला ‘अ’ वाचणाऱ्याने मनाने भरावयाचा. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळीत नसत. प्रत्येक लिपी ही चाळणी आहे. भोके निराळी, म्हणून सांडणारे दाणे निराळे.

आडनावांची मौज आणखी वेगळी. मोरे, काळे, माने, साने, गोरे ही आडनावे रोमन लिपीत लिहा. प्रत्येकात अक्षरे चार आणि प्रत्येकाचे शेवटचे अक्षर ‘ई’. योगायोग असा की हे पाचही इंग्रजीतले शब्द आहेत. मोरे तेथे ‘मोअर’ होतात, म्हणजे अधिक. काळे ‘केल’ होतात, म्हणजे एक पालेभाजी. माने ‘मेन’ होतात, म्हणजे आयाळ. साने ‘सेन’ होतात, म्हणजे शहाणे. आणि गोऱ्यांचे ‘गोअर’ होते, म्हणजे सांडलेले रक्त! इंग्रजीत शेवटची ‘ई’ स्वतः बोलत नाही, मागच्या स्वराला तेवढी लांबविते; मराठी नावातली शेवटची ‘ई’ मात्र पुरा ‘ए’ उच्चारते. परदेशी गेलेल्या मोऱ्यांना तेथील कारकून ‘मिस्टर मोअर’ म्हणून हाक मारतो तो त्यांचा अपमान नसतो. तो आपल्या भाषेचा नियम आपल्या नावाला लावीत असतो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे ‘सिंदिया’ झाले आणि तेच पुढे कायम झाले, हे त्याचेच मोठे उदाहरण.

मग यावर उपाय काय? काही लोक म्हणतात, रोमन लिपी टाका. ते होणे नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाली आहे, आणि ती ज्याला येत नाही त्याची वाट अडते हे आम्ही रोज पाहतो. काही म्हणतात, नावांचे स्पेलिंग उच्चाराप्रमाणे सुधारून घ्या. ज्याच्या पाच कागदांवर पाच वर्षांची अक्षरे पडली आहेत त्याने हे करण्यापूर्वी दहादा विचार करावा. कारण मग प्रतिज्ञापत्र आले, राजपत्र आले आणि हेलपाटे आले. आमच्या मते खरा उपाय साधा आहे. मूल शाळेत घालताना त्याच्या नावाचे, बापाच्या नावाचे, आडनावाचे आणि गावाचे रोमन स्पेलिंग घरातल्या जाणत्या माणसाने एका कागदावर लिहावे आणि पुढे जन्मभर तेच ठेवावे. ते उच्चाराला तंतोतंत नसले तरी चालेल. ‘यू’ घालावा की दोन ‘ओ’, हा पांडित्याचा प्रश्न नाही. वाटूर पाच अक्षरांचे लिहा की सहा अक्षरांचे, पण एकदा लिहिले की प्रत्येक चौकोनात तेच लिहा. आणि अर्जात जेथे जागा असेल तेथे शेजारी देवनागरीतही लिहा. खरा उच्चार तेथेच जपला जातो.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. स्पेलिंगे सुटी सुटी पाठ करून घेऊ नका. त्यांची कुटुंबे करून शिकवा. शेवटची चार अक्षरे समान असलेले सात शब्द एकत्र दिले तर मुलाला सात स्पेलिंगे पाठ करावी लागत नाहीत, एकच शेपूट आणि सात तोंडे लक्षात ठेवावी लागतात. आठवा, तो ‘एट’, नियम मोडणारा निघाला तर त्याची गोष्ट सांगा. नक्तापासून नाइटपर्यंत आणि अष्टापासून एटपर्यंतची. ज्याची गोष्ट ठाऊक असते ते मूल विसरत नाही. ज्या शाळेत ग्रंथालय नाही, यंत्र नाही, तेथेही खडू आणि फळा असतो. ओ, पी, एस, टी ही चार अक्षरे फळ्यावर लिहावीत आणि म्हणावे, यातून सहा शब्द काढा. घंटा होईपर्यंत वर्ग हलणार नाही.

‘अक्षर’ या शब्दाचा मूळ अर्थ जे झिजत नाही ते. इंग्रजी नाइटमधले मुके ‘जी-एच’ पाहिले की तो अर्थ किती खरा आहे ते पटते: आवाज गेला, माणसे गेली, अक्षर उरले. आपल्या पोरांच्या दाखल्यावर आज आपण जी अक्षरे लिहू तीही अशीच उरणार आहेत. तेव्हा ती मोजून, जाणून आणि एकदाच ठरवून लिहावी, इतकेच आमचे सांगणे आहे.